अमेरिकी नौदलात खलाशाचा अधिकारी कसा होऊ लागला

अमेरिकी नौदलात साध्या खलाशाला अधिकारीपद मिळावे की नाही, हा वाद 1901 साली चार्ल्स मॉर्गन या गनरच्या (तोफांची जबाबदारी असलेल्या वॉरंट ऑफिसरच्या) अधिकारीपदासाठीच्या अर्जावरून उघडपणे पेटला. हवानाच्या बंदरात बुडालेल्या ‘मेन’ या युद्धनौकेच्या तपासात पाणबुड्या म्हणून उतरलेल्या मॉर्गनच्या कौशल्याविषयी कोणाला शंका नव्हती. तरीही, अशा माणसांना अधिकारीवर्गाच्या सामाजिक रीतिभातींचे वळण नसते, असा प्रतिकूल शेरा ॲडमिरल विल्यम सॅम्पसन यांनी मारला. आक्षेप माणसाच्या कामाला नव्हता, तो जन्माला होता, आणि म्हणूनच तो अन्यायकारक होता. शेरा वर्तमानपत्रांत येताच मोठा गदारोळ झाला, आणि त्याच वर्षी मोजक्या वॉरंट ऑफिसरांना (खलाशांच्या वर, पण पूर्ण अधिकाऱ्यांच्या खाली असलेल्यांना) एन्साइन, म्हणजे सर्वांत कनिष्ठ दर्जाचे अधिकारी, होण्याची कायदेशीर वाट मिळाली. पुढे 1914 मध्ये, जोसेफस डॅनियल्स नौदलमंत्री असताना, नौदल अधिकारी घडवणाऱ्या ॲनापोलिसच्या अकादमीत खलाशांसाठी दरवर्षी 15 जागा ठेवण्यात आल्या.

दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांची निकड भासल्याने दारे आणखी उघडली, पण कृष्णवर्णीय खलाशांसाठी ती बंदच होती. अखेर जानेवारी 1944 मध्ये ग्रेट लेक्स येथील नौदल केंद्रात अशा 16 खलाशांचे अधिकारीपदासाठी प्रशिक्षण सुरू झाले. दिवे मालवण्याची वेळ उलटल्यावर खिडक्यांना घोंगड्या लावून ते एकत्र अभ्यास करीत. त्यांचे गुण इतके चांगले आले की वरिष्ठांचा विश्वास बसेना, आणि त्यांना पुन्हा परीक्षेला बसवण्यात आले. तीही त्यांनी उत्तम रीतीने पार केली. मार्चमध्ये 12 जण एन्साइन आणि एक जण वॉरंट ऑफिसर झाला. उरलेल्या तिघांना का वगळले, याचे कारण नौदलाने कधी दिले नाही, आणि निवड झालेल्यांनाही सुरुवातीला लढाऊ जहाजांपासून दूरच ठेवले गेले.

युद्धानंतर, 1947 च्या कायद्याने ‘लिमिटेड ड्यूटी ऑफिसर’ हे पद निर्माण झाले. त्यात अनुभवी खलाशाला पदवीविना कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळते, मात्र आपल्या तांत्रिक शाखेपुरतेच. ही मर्यादा ओलांडणारी वाट 1994 मध्ये ‘सीमन टू ॲडमिरल’ या योजनेतून रुंदावली. ती सुरू करणारे नौदलप्रमुख जेरेमी बूर्डा स्वतः 1956 मध्ये खलाशी म्हणून भरती झाले होते, आणि खलाशी म्हणून सुरुवात करून त्या पदावर पोहोचलेले ते पहिलेच. या योजनेच्या आजच्या रूपात निवडलेला खलाशी पूर्ण पगारावर विद्यापीठात शिकतो आणि पदवीनंतर एन्साइन होतो.