मिनेसोटा फॅट्स खरा कोण?

१९६१ च्या ‘द हस्लर’ या सिनेमाबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: त्यातलं मिनेसोटा फॅट्स हे पात्र रुडॉल्फ वॉन्डरोन या पूलच्या (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खऱ्या खेळाडूवरून घेतलंय. घडलं नेमकं उलटं.

वॉन्डरोन न्यूयॉर्कचा. जाडजूड, बोलघेवडा, पैसे लावून खेळण्यात मुरलेला. सिनेमा येण्याआधी लोक त्याला ‘न्यूयॉर्क फॅट्स’ म्हणत. मिनेसोटाशी त्याचा संबंधच नव्हता. सिनेमा गाजल्यावर त्याने हा माणूस म्हणजे मीच, असं सांगायला सुरुवात केली आणि नाव कायमचं चिकटलं. मूळ कादंबरी १९५९ ची. तिचे लेखक वॉल्टर टेव्हिस यांनी हा दावा कायम फेटाळला. डिस्नेने डोनाल्ड डक घडवला, तसा फॅट्स नावासकट आपणच घडवला, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला टेव्हिस यांची बाजू पटते. पडद्यावरचा जॅकी ग्लीसनचा फॅट्स आठवा. रात्रभर खेळून त्याचा प्रतिस्पर्धी, म्हणजे सिनेमाचा नायक एडी (पॉल न्यूमन), दारूने झिंगलाय, आणि फॅट्स शांतपणे तोंड धुतो, हातांना पावडर लावतो, कोट चढवून नव्या दमाने टेबलापाशी येतो. वॉन्डरोनची अखंड बडबड इथे कुठेच नाही.

ग्लीसन स्वतः उत्तम पूल खेळायचा. पॉल न्यूमनला मात्र जगज्जेत्या विली मॉस्कोनीने शिकवलं. काही अवघड फटक्यांत दिसणारे हात मॉस्कोनीचेच आहेत. याच मॉस्कोनीने १९७८ मध्ये टीव्हीवरच्या सामन्यात वॉन्डरोनला हरवलं.