डोळ्यांवर पट्टी बांधलेला साप

मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्याकडून पुस्तक ‘वाचून’ घेणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मध्यमेंदू जागा करण्याच्या, वर्गांसाठी पालक हजारो रुपये मोजतात. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून खालचं दिसतं, एवढंच त्यातलं गुपित. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते ते सांगून थकले.

डोळे झाकूनही नेम साधणारा प्राणी मात्र खरोखर आहे. १९३७ साली नोबल आणि श्मिट या अमेरिकी संशोधकांनी रॅटलस्नेक या विषारी सापाचे डोळे झाकले. तरी कापडात गुंडाळलेल्या गरम बल्बवर तो अचूक झडप घालायचा. गार बल्बचं त्याला सोयरसुतक नव्हतं.

या सापाच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. सह्याद्रीतल्या चापडा या सापालाही असतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांना नसतो. खळग्यात ताणून बसवलेला पडदा जेमतेम १५ मायक्रॉन जाडीचा, त्याच्या दोन्ही बाजूंना हवा. त्यामुळे उंदराच्या अंगातून निघणारे अवरक्त किरण पडले की तो लगेच तापतो; ०.००३ अंश सेल्सिअसचा फरकही त्याला पुरतो. पडद्यातल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीए१ नावाचं प्रथिन आहे. सुमारे २८ अंशांना त्याचं दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात आणि संदेश निघतो. हे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने २०१० साली दाखवलं. आपल्याकडेही हे प्रथिन आहे, पण ते मोहरीचा झणका नाकात चढवण्याचं काम करतं! खळग्याचं तोंड अरुंद असल्याने डावीकडची ऊब पडद्याच्या उजव्या भागावर पडते आणि दिशा कळते. हा धूसर उष्णता-नकाशा डोळ्यांकडून आलेल्या चित्राशी जुळवला जातो तो ऑप्टिक टेक्टममध्ये, म्हणजे चक्क मध्यमेंदूत. तेव्हा ‘मिडब्रेन’वाल्यांनी आधी गालावर खळगा पाडून घ्यावा.

आपल्याला हे का नाही? ३७ अंशांच्या शरीरात २८ अंशांना वाजणारी घंटा अखंड वाजतच राहील. रक्तपिपासू वटवाघळाने यातून वाट काढली आहे. त्याच्या नाकाभोवतीचे खळगे उरलेल्या चेहऱ्यापेक्षा थंड असतात आणि एरवी ४३ अंशांना उघडणाऱ्या टीआरपीव्ही१ या प्रथिनाची त्याच्याकडे ३० अंशांना उघडणारी आवृत्ती आहे. आपले पूर्वज दिवसा झाडांवर हिंडून फळं-पाला खाणारे; त्यांच्या वाट्याला तिसरा रंग ओळखणारी पेशी आली, बहुधा पिकलेलं फळ आणि कोवळं पान हेरण्यासाठी.

भक्ष्यही स्वस्थ बसत नाही. कॅलिफोर्नियातली जमिनीवरची खार रॅटलस्नेकसमोर शेपटी हलवताना ती गरम करते. खळगे नसलेला गोफर साप समोर आला तर शेपटी हलवते, पण गरम करत नाही.