‘टीचर, झालं!’ म्हणणाऱ्या मुलाला पुढे काय द्यायचं?

गोवा मुक्त झाला ते साल घ्या, १९६१. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९६११, चढत्या क्रमाने मांडले की ११६९. मोठ्या संख्येतून लहान वजा केली, ८४४२ उरले. आता याच अंकांशी पुन्हा तोच खेळ: ८४४२ वजा २४४८, आले ५९९४. असंच करत राहिलं की ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार, कारण ७६४१मधून १४६७ गेले की तेवढेच उरतात. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या (मध्येच तीन अंकी उत्तर आलं तर पुढे शून्य धरायचं), फार तर सात वजाबाक्यांत गाडी इथेच येऊन थांबते. १९६१ला पुरत्या सात लागतात. गोव्याला सगळंच उशिरा मिळालं, त्यातलंच हे एक म्हणा.

हे सापडलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना, १९४९मध्ये. जन्म डहाणूचा, पेशाने देवळालीचे शाळामास्तर. गणितात वेगाने पुढे जाणाऱ्या लहान मुलांचं काय करायचं, या प्रश्नाचं अर्धंअधिक उत्तर मला त्यांच्या या एका खेळात दिसतं.

वर्गात हातच्याची वजाबाकी चालू असते. फळ्यावर दहा गणितं. एका मुलाची तीन मिनिटांत होतात आणि तो ओरडतो, ‘टीचर, झालं!’ टीचर आणखी दहा देतात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना उरलेल्या वर्गाकडेही बघायचं असतं. पण मूल हुशार असतं. लवकर संपवलं की जादा काम गळ्यात पडतं, हे त्याला आठवडाभरात कळतं. मग ते मुद्दाम रेंगाळतं, नाहीतर शेजारच्याच्या खोड्या काढतं.

त्याच वर्गाला कापरेकरांचा खेळ दिला तर? सराव सगळ्यांचाच होतो, कारण हातचे घेतल्याशिवाय एकही पायरी सुटत नाही. ज्याचं आधी संपलं त्याला एवढंच विचारायचं: तीन अंकी संख्यांचं काय होतं? तो शोधत ४९५पर्यंत येईल. आणि दोन अंकी? इथे गंमत बिघडते. ६१ घेतले तर ४५, मग ९, ८१, ६३, २७ आणि पुन्हा ४५. थांबायचं नावच नाही, नुसतं गोल फिरणं. नीट बघणारं मूल इथे म्हणतं, हे सगळे नवाच्या पाढ्यातले आहेत! मग खरा प्रश्न टाकायचा: का?

याला बीजगणित लागत नाही. ६१ म्हणजे सहा दशक आणि एक एकक. १६ म्हणजे एक दशक, सहा एकक. पाच दशक गेले, त्यांच्या जागी पाच एकक आले. एक दशक देऊन एक एकक घेतला की ९चा तोटा. असा तोटा पाच वेळा, म्हणून ४५. तिसरीतल्या मुलाने हे आपल्या शब्दांत सांगितलं तर ती सिद्धता आहे, आणि त्यासाठी पुढच्या इयत्तेचं पुस्तक उघडावं लागलेलं नाही.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्कीने सांगून ठेवलं आहे की मूल एकट्याने जे करू शकतं आणि थोडा हात दिला की जे करू शकतं, त्या दोहोंमधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. पाढे तोंडपाठ असलेल्या मुलाला त्याच वजाबाक्या देत राहणं म्हणजे त्याला या पट्ट्याच्या अलीकडेच बसवून ठेवणं.

पण कुणाचा पट्टा कुठे आहे, हे कळायचं कसं? शाळेच्या परीक्षेतून कळत नाही. पाच किलोच्या काट्यावर दहा किलोची आणि वीस किलोची पिशवी टांगली, तर दोन्हींना काटा पाचावरच जाऊन अडकतो. ५०पैकी ५० गुणांचं तसंच आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या ज्युलियन स्टॅनली यांनी यावर सरळ उपाय केला. १९७१मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात त्यांनी १२-१३ वर्षांच्या हुशार मुलांना कॉलेजप्रवेशाची परीक्षा दिली. शाळेत सगळेच पहिले असलेल्या या मुलांमध्ये प्रचंड फरक निघाला. ही मुलं प्राथमिकची नव्हेत, तरी युक्ती चौथीलाही लागू पडते: प्रश्न असा द्या की सगळा सुटणार नाही.

मग मुलाला वरच्या वर्गात बसवावं का? आपल्याकडे या कल्पनेनेच लोक दचकतात. वयाची मुलं सुटतील, पोर एकटं पडेल. पुरावा मात्र या भीतीच्या बाजूने नाही. १९८४मध्ये कुलिक दांपत्याने तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पुढे नेलेली मुलं तितक्याच हुशार पण न नेलेल्या समवयस्कांपेक्षा जवळजवळ वर्षभर पुढे होती. स्टॅनलींच्या अभ्यासातल्या मुलांची पस्तीस वर्षांनंतर पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१मध्ये आले. पुढे गेल्यामुळे मनःस्वास्थ्याला धक्का लागल्याचं त्यात दिसलं नाही. सरसकट इयत्ता वगळायलाच हवी असं नाही. गणिताच्या तासापुरतं दुसरीतल्या मुलाला चौथीत बसवता येतं.

आणि हे गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा सोपं आहे. सत्तरी, सांगे, काणकोण इकडच्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत पट इतका कमी की पहिली ते चौथी एकाच शिक्षिकेच्या ताब्यात, बऱ्याचदा एकाच खोलीत. या शाळांबद्दल आपण हळहळतो, ते बरोबरही आहे. पण ज्या मुलाला चौथीचे अपूर्णांक ऐकायचे आहेत त्याला तिथे परवानगी, बदली, अर्ज काहीच लागत नाही. बाक सरकवला की झालं.

गोव्यातली दुसरी गोष्ट इतकी सुखाची नाही. घरी कोंकणी, चौथीपर्यंत मराठीतले पाढे आणि पाचवीला एकदम इंग्रजी. शाब्दिक उदाहरण वाचतानाच अडखळणारं मूल गणितात कच्चं ठरतं, मग ते मनातल्या मनात कितीही पुढे असो. अशा मुलांना चित्रातून, आकृतीतून, अंकांच्या खेळातून प्रश्न द्यावेत. मागच्या बाकावर गप्प बसलेली एखादी मुलगी तेव्हाच दिसते.

म्हापसा-मडगावला अबॅकसचे क्लास भरून वाहतात. हिशेबाचा वेग त्याने वाढतो, वाईट काही नाही. पण वेग म्हणजे गणित नव्हे, आणि पटापट उत्तरं देऊन शाबासकी मिळवण्याची सवय महागातही पडते. १९९८मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ‘किती हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं अवघड प्रश्नांनंतर लवकर हात टेकत होती. ‘मेहनत केलीस’ असं ऐकलेली चिकटून राहत होती. ज्याला शाळेत कधीच अडायची वेळ येत नाही, त्याच्या बाबतीत तर हे जास्तच जपायला हवं.

घरी द्यायला एक प्रश्न. आपल्याकडच्या जुन्या घरांना शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असतात, चौकटींची नुसती जाळी. चौकटींच्या आडव्या तीन ओळी आणि उभ्या चार रांगा अशी जाळी कागदावर काढा आणि विचारा: यात लहानमोठे मिळून आयत किती? चौरसही आयतच धरायचे. मूल आधी १२ म्हणेल, मग वीसतीस, मग मोजताना चुकेल आणि चिडेल. उत्तर ६० आहे. मूल अडलं तर ते सांगू नका. दोन बाय दोनची खिडकी काढून द्या. तिच्यात ९ निघतात, आणि ते ९ कुठून आले हे ज्याला दिसलं तो मोठ्या खिडकीकडे आपणहून वळतो.