इरॅस्मस विद्यार्थी-विनिमय

युरोपातल्या विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीचा एखादा भाग, बहुधा एक सत्र किंवा एक वर्ष, दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात पुरा करता यावा म्हणून १९८७ पासून चालू असलेली योजना. फी भरायची आपल्या विद्यापीठात, वर्गात बसायचे परक्या विद्यापीठात, आणि तिथले गुण परत आल्यावर आपल्या मार्कशीटवर चढवून घ्यायचे, असे तिचे साधे गणित आहे. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. विद्यार्थी, शिक्षक, प्रशिक्षणार्थी अशा सगळ्यांची बेरीज आता दीड कोटीच्या पुढे आहे. स्पेन-इटलीत तर हे नाव माणसालाच चिकटले आहे. ‘वरच्या मजल्यावर दोन इरॅस्मस राहतात’ म्हटले की शेजाऱ्यांना सगळे कळते, रात्रीच्या गोंगाटासकट.

योजनेची कुळकथा विद्यापीठाच्या कचेरीतल्या एका खिडकीपाशी सुरू होते. सोफिया कोर्राडी ही रोमची कायद्याची विद्यार्थिनी. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली आणि १९५८ मध्ये तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन परतली. रोममधली पदवी पुरी व्हायला काही परीक्षा उरल्या होत्या, त्यांत हा अभ्यास धरावा एवढीच तिची मागणी होती. ती नाकारली गेली, आणि तीही चारचौघांत पाणउतारा करून. एलिजिबिलिटी आणि मायग्रेशन सर्टिफिकेटसाठी ज्यांनी आपल्याकडे खेटे घातले आहेत त्यांना हा प्रसंग नव्याने सांगायला नको. कोर्राडींनी मात्र तो विसरला नाही. पुढे इटलीच्या कुलगुरूंच्या परिषदेत सल्लागार म्हणून काम करताना त्यांनी परदेशातल्या अभ्यासाला मान्यता मिळावी म्हणून वर्षानुवर्षे टिपणे लिहिली आणि बैठकींत तोच विषय लावून धरला. इटलीत त्यांना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणतात. २०१६ मध्ये त्यांना स्पेनचा कार्लोस पाचवा युरोपीय पुरस्कार मिळाला.

विद्यापीठांनी आपसांत करार करून विद्यार्थी पाठवण्याची छोटी योजना युरोपीय समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वावताराने, १९७६ मध्येच सुरू केली होती. मोठी योजना मात्र पैशांपाशी आणि कायद्यापाशी अडली. शिक्षण हा ज्याच्या त्याच्या देशाचा विषय, ब्रसेल्सने, म्हणजे समुदायाच्या मुख्यालयाने, त्यात पडायचे कारण काय, असा सदस्य देशांचा सवाल होता. वाट मोकळी झाली ती चित्रकथेमुळे. बेल्जियममधल्या लिएज शहरात चित्रकथांची कला शिकायला आलेल्या एका फ्रेंच विद्यार्थिनीने परदेशी म्हणून लावलेली जादा फी भरायला नकार दिला. १९८५ मध्ये युरोपीय न्यायालयाने असे शिक्षण हे ‘व्यावसायिक प्रशिक्षण’ ठरवले आणि ते समुदायाच्या कराराच्या कक्षेत आणले. त्याच आधारावर, समुदायाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगातले स्पेनचे आयुक्त मानुएल मारिन यांनी लावून धरलेल्या या योजनेला जून १९८७ मध्ये मंजुरी मिळाली.

‘इरॅस्मस’ ही मुळात योजनेच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे, पण ती जुळवताना डोळ्यांपुढे होता तो रॉटरडॅमचा मानवतावादी पंडित डेसिडेरिअस इरॅस्मस. तो पॅरिसमध्ये शिकला, तूरिनला त्याने डॉक्टरेट घेतली, व्हेनिसमध्ये छापखान्यात राहून ग्रंथ काढले, केंब्रिजमध्ये शिकवले आणि १५३६ मध्ये बाझेलला वारला. पॅरिसच्या ज्या वसतिगृहात तो राहिला तिथल्या सडक्या अंड्यांबद्दल त्याने पुढे लिहूनच ठेवले. मेसच्या जेवणाची तक्रार करणाऱ्यांचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

योजनेचा खरा कणा म्हणजे क्रेडिट. १९८९ मध्ये प्रयोग म्हणून आलेल्या युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाचे एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट, सत्राला ३०. एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचे काम धरतात, त्यात व्याख्यानेही आली आणि घरी केलेला अभ्यासही. निघण्यापूर्वी ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ नावाचा कागद होतो. तिकडे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात इकडचे कोणते सुटणार, हे लिहून विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे सह्या करतात. पोहोचल्यावर कळते की निवडलेला विषय या सत्रात नाही, किंवा दोन विषयांचे तास एकाच वेळी आहेत. मग सुधारित कागद, पुन्हा तीन सह्या. पहिले दोन-तीन आठवडे यातच जातात.

क्रेडिटचे वजन सगळीकडे सारखे ठरले, गुणांचे नाही. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ५.० म्हणजे नापास, त्यामुळे घरी फोनवर ‘मला एक मिळाला’ हे आनंदाने सांगताना आधी खुलासा करावा लागतो. फ्रान्समध्ये वीसपैकी दहाला उत्तीर्ण. इटलीत तीसपैकी अठराला, आणि तिथल्या बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. विद्यार्थी प्राध्यापकांसमोर बसतो, मागे खुर्च्यांवर पुढचे उमेदवार ऐकत असतात. पंधरा-वीस मिनिटांनी प्राध्यापक म्हणतात, ‘चोवीस. घेता?’ नको असतील तर नाही म्हणायचे आणि पुढच्या फेरीला पुन्हा यायचे. के.टी. लागू नये म्हणून देव पाण्यात ठेवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला मिळालेले गुण परत करण्याची ही चैन समजायला वेळ लागतो.

वर्गातले रिवाजही असेच. जर्मन वेळापत्रकात तासापुढे ‘सी.टी.’ अशी अक्षरे असली तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. दहाला जाऊन बसणारा नवा आहे हे त्यावरून ओळखावे. व्याख्यान संपले की टाळ्या नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते पोरांनी दंगा सुरू केला. खोली मिळवणे, नगरपालिकेत पत्ता नोंदवणे, विम्याचा कागद दाखवणे हे मात्र कोणी शिकवत नाही. त्यासाठी आधी गेलेलेच कामाला येतात, आणि त्यांच्या मदतमंडळांतूनच १९८९-९० च्या सुमारास इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क उभे राहिले.

परक्या विद्यापीठाची फी माफ असते आणि वर महिन्याला अनुदान मिळते. ते त्या देशातल्या राहणीमानावर ठरते, पण पूर्ण खर्च त्यात क्वचितच भागतो. उरलेला घरून येतो. म्हणून ही योजना खात्यापित्या घरांतल्या मुलांचीच, हा आक्षेप जुना आहे आणि तो खोडून काढता येत नाही. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना जादा रक्कम देण्याची सोय आता केली आहे. दुसरा आक्षेप मौजमजेचा. त्यावर २०१४ मध्ये युरोपीय आयोगाने आपल्या पाहणीतून एक वेगळाच आकडा काढला: तिकडे जाऊन आलेल्यांपैकी २७ टक्क्यांना आपला दीर्घकाळचा जोडीदार त्या मुक्कामात भेटला, आणि १९८७ पासून अशा जोडप्यांना अंदाजे दहा लाख मुले झाली असावीत. हिशेब ढोबळ आहे, पण सरकारी कागदात असा हिशेब करावासा वाटला हेच गमतीचे.

राजकारणाचे फटके योजनेला बसतातच. स्थलांतरावर मर्यादा आणणारे सार्वमत फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर झाल्यावर स्वित्झर्लंडचा सहभाग थांबला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन बाहेर पडले आणि २०२१ मध्ये त्याने ट्युरिंग नावाची स्वतःची योजना काढली.

भारतीयांना ‘इरॅस्मस’ म्हटले की बहुधा २००४ पासूनची इरॅस्मस मुंडस ही शिष्यवृत्ती आठवते. तीत दोन-तीन देशांत फिरून संपूर्ण मास्टर्स करायचे असते, त्यामुळे तिला विनिमय म्हणणे बरोबर नाही. एका सत्रापुरते जाण्याची वाट २०१५ पासून युरोपाबाहेरच्या विद्यापीठांनाही खुली आहे, पण दोन्ही संस्थांत करार हवा. मुंबईच्या आय.आय.टी.त सत्र-विनिमय रुळलेला आहे. संलग्न महाविद्यालयांत विषय, पेपर आणि परीक्षा विद्यापीठ ठरवते, तिथे बदली विषय धरायचा कोणी, हा प्रश्न उरतो. २०२१ मध्ये आलेली ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेली क्रेडिट जमा ठेवण्याची सोय, अशाच अडचणींवर उपाय म्हणून आहे. कॅलेंडरचे मात्र तिच्याने काही होत नाही. जर्मन हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, म्हणजे इथले पहिले सत्र निम्म्याहून अधिक झाल्यावर. आणि फेब्रुवारीत तिकडच्या परीक्षा देऊन मुलगा घरी येतो तोवर इथे दुसऱ्या सत्राची हजेरी दीड महिना लागून गेलेली असते.