गळा तोच, मग १९६७ साली बदललं काय?

जानेवारी १९६७. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मसल शोल्स या लहानशा गावातला फेम स्टुडिओ. चोवीस वर्षांची अरीथा फ्रँकलिन पियानोसमोर बसली आणि सूर धरून गायला लागली. त्याआधीची सुमारे सहा वर्षं ती कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी गात होती. मागे नीटस वाद्यवृंद, गाणी सुरेल, पण मोठं यश काही मिळालं नव्हतं. आता अटलांटिक कंपनीचे निर्माते जेरी वेक्सलर यांनी तिला पियानोवर बसवलं आणि तिच्या पद्धतीनं गाऊ दिलं. त्याच वर्षी तिचं 'रिस्पेक्ट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. गाणं मूळ ओटिस रेडिंगचं, पण आज ते अरीथाचंच मानलं जातं.

गळा तोच होता. मग बदललं काय?

उत्तराचा धागा डेट्रॉइटच्या न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमध्ये सापडतो. तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन तिथले पाळक. त्यांच्या प्रवचनांच्या ध्वनिमुद्रिका निघत. महालिया जॅक्सनसारख्या गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या, गायिकांचं घरी येणंजाणं असे. दहावं वर्ष पुरं व्हायच्या आतच अरीथाची आई गेली. पियानो ती ऐकून ऐकूनच शिकली आणि चौदाव्या वर्षी तिची गॉस्पेल गाणी वडिलांच्या चर्चमध्येच ध्वनिमुद्रित झाली.

चर्चमध्ये घडलेला हा आवाज गळ्यात नेमका कसा तयार होतो? आपण स्वरतंतू म्हणतो खरं, पण त्या तारा नाहीत. त्या दोन घड्या आहेत: आत स्नायू, वर मऊ, सैलसर आवरण. फुप्फुसातून येणाऱ्या हवेनं त्या उघडतात आणि मिटतात. ४४० हर्ट्‌झचा सूर लावला की सेकंदाला ४४० वेळा. वरच्या सुरांकडे जाताना बहुतेकांच्या घड्या ताणून पातळ होतात आणि आवाज हलका, बासरीसारखा होतो. गॉस्पेल गायिका मात्र छातीतल्या आवाजाचा भरीवपणा वरच्या सुरांपर्यंत नेतात. तेव्हा घड्या जाड राहतात, जोरानं मिटतात आणि प्रत्येक आवर्तनात जास्त वेळ मिटलेल्या राहतात. त्यामुळे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे उपस्वर बळकट होतात. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि हे उपस्वर तिथवर पोचतात. म्हणून असा आवाज वाद्यांच्या गजरातूनही वेगळा ऐकू येतो.

मग ती खरखर. सूर टिपेला नेताना अरीथा क्षणभर आवाज खरडते आणि लगेच मोकळा सोडते. अशा वेळी स्वरतंतूंच्या वरचे भागही थरथरू लागतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात माणसाच्या किंकाळ्यांचा अभ्यास झाला. किंकाळीचा जोर सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त होतो, आणि हा खडबडीतपणा मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची दखल घेणाऱ्या भागाला जागं करतो, असं त्यात दिसलं. गाण्यातली खरखर म्हणजे किंकाळी नव्हे, पण ती याच पट्ट्याला स्पर्श करू शकते. माझ्या मते अरीथाचं मोठेपण ती खरखर किती थोडी वापरते यात आहे.

तरीही पियानोचं महत्त्व मला सर्वांत जास्त वाटतं. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं, की आवडत्या संगीतानं अंगावर शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं. शहाऱ्याच्या क्षणी ते एका भागात स्रवतं, पण त्याच्या काही सेकंद आधी, नुसत्या अपेक्षेनंही, दुसऱ्या भागात स्रवलेलं असतं. म्हणजे सूर येणार हे कळणं आणि तो अजून न येणं, यातच अर्धं सुख असतं. लिहिलेल्या वाद्यवृंदासोबत गाताना हा उशीर गायकाच्या हातात फारसा नसतो. स्वतःच्या बोटांखाली पियानो असला, की ओळ कुठे अडवायची, श्वास कुठे घ्यायचा, समेवर कधी यायचं, हे तीच ठरवते.

जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये ती दोन रात्री गायली. सोबत गॉस्पेल गायक जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांचा गायकवृंद. 'अमेझिंग ग्रेस' हे साधं भजन तिनं जवळजवळ अकरा मिनिटं फुलवलं. एकेका अक्षरावर हरकती, मग थांबणं, आणि त्या थांबण्यात समोरच्या लोकांचे हुंकार. कीर्तनात बुवा अभंगाचा एकच चरण धरून राहतात आणि टाळकरी तो उचलून धरतात, ते ज्यांनी अनुभवलं आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्या दोन रात्रींचं चित्रीकरणही झालं होतं. पण ध्वनी आणि चित्र जुळवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर आपटतात ती पाटी, म्हणजे क्लॅपर, वापरला नव्हता, त्यामुळे ध्वनी आणि चित्र जुळेना. पुढे संगणकाच्या मदतीनं ते जुळवलं गेलं. अरीथा १६ ऑगस्ट २०१८ रोजी गेली आणि त्यानंतर काही महिन्यांनी चित्रपट लोकांसमोर आला. त्यात दुसऱ्या रात्री ती पियानोवर गात असताना वडील उठून जवळ येतात आणि तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. ती गातच राहते.