एक कोयता, दोन माणसे : बीडमधील गर्भाशय-शस्त्रक्रियांची पार्श्वभूमी

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर पोहोचली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस पाठवली, विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाले आणि विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. या चौकशीच्या निमित्ताने झालेल्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण राज्यात २.६ टक्के होते. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत, हे गृहीत धरले तरी ही तफावत योगायोगाची म्हणता येत नाही.

त्या वेळी दोन स्पष्टीकरणे पुढे आली. पैशासाठी शस्त्रक्रिया करणारे खाजगी डॉक्टर हे एक, आणि पाळीमुळे काम बुडू नये म्हणून दबाव आणणारे मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारे ठेकेदार, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे. पण बहुतेक स्त्रिया स्वतःहून दवाखान्यात गेल्या होत्या आणि संमतिपत्रावर त्यांचीच सही किंवा अंगठा होता, हे या स्पष्टीकरणांत बसत नाही. तिशीतली स्त्री स्वतःच्या शरीराबद्दल असा निर्णय का घेते, हे समजून घ्यायचे तर दवाखान्याच्या बरेच मागे जावे लागते.

सुरुवात पाण्यापासून होते. १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर नगर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तोडलेला ऊस लवकर गाळपाला गेला नाही तर त्यातील साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे कारखाना एकदा सुरू झाला की फडात, म्हणजे तोडणीच्या शेतात, कोयता अखंड चालावा लागतो. पाच-सहा महिने सुट्टी न घेता राबेल असा मजूर आसपासच्या गावांत मिळेना, कारण त्यांची स्वतःची शेती आणि घरे तिथेच होती. हा मजूर बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून आला. बीड, पाथर्डी, आष्टी, धारूर या कोरडवाहू भागात खरिपाची बाजरी निघाली की पुढे हाताला काम नसे. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ पक्का झाला. दसरा-दिवाळीनंतर गावे रिकामी व्हायची आणि गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा भरायची, हे वेळापत्रक तेव्हापासून आजतागायत फारसे बदललेले नाही. वंजारी, बंजारा, दलित, तसेच अल्पभूधारक मराठा कुटुंबे या कामात आहेत. जमिनीचा तुकडा आणि पाण्याचा अभाव त्यांना जोडतो.

या स्थलांतरातून कामाची जी रीत तयार झाली, तिच्यात आजच्या प्रश्नाचे मूळ आहे. मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती नवऱ्याच्या नावावर असते, आणि पुढे टनामागच्या मजुरीतून ती फेडायची असते. जोडीतील एकाने काम बुडवले तर तो खाडा धरला जातो आणि बऱ्याच टोळ्यांत त्यासाठी ५०० रुपये किंवा त्याहून अधिक कापले जातात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. म्हणून बायको आजारी पडली की नुसती तिची मजुरी बुडत नाही, सगळ्या घराचे कर्ज वाढते. तिच्या दुखण्याची किंमत अशी ठरलेली असते आणि ती तिला आधीच माहीत असते.

तिचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. कोपीबाहेरच्या (तात्पुरत्या झोपडीबाहेरच्या) चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापून, पाणी भरून, लहान मूल सोबत घेऊन ती फडात पोहोचते. नवरा ऊस तोडत जातो. पाचट काढणे, मोळी बांधणे आणि ती वाहून नेणे हे काम बहुतेक तिचे. ३० ते ४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून ती वर चढते, आणि दिवसभरात या खेपा कितीदा होतात याची मोजदाद कोणी ठेवत नाही. गर्भारपणातही हे काम थांबत नाही. बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती पुन्हा फडात दिसते. कोप्यांच्या वस्तीत न्हाणी नसते आणि संडास क्वचितच असतो. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही, वाळवायला ऊन लागेल अशी खाजगी जागा नाही. ओटीपोटात दुखणे, अंगावरून पांढरे जाणे, अतिरक्तस्राव, अंग बाहेर येणे (गर्भाशय खाली सरकणे) या तक्रारी अशा जगण्यातून येतात, आणि एकदा औषध घेऊन पुन्हा त्याच फडात उतरल्यावर त्या परत येतात.

लग्नाचे वयही याच रीतीने खाली ओढले आहे. मुलाचे लग्न झाले की त्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल वाढते. वयात आलेली मुलगी गावात म्हाताऱ्यांच्या भरवशावर सहा महिने कशी ठेवायची, ही मुलीच्या आईबापांची चिंता असते, आणि ती खोटी नाही. दोन्ही बाजूंची गरज हंगामाआधीच्या लग्नात भागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीडमधील २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या, राज्यात सर्वांत कमी. लवकर लग्न, मुलगा होईपर्यंतची बाळंतपणे, विशीतच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, असा हा क्रम आहे. त्यानंतर ‘आता पिशवीचे काय काम’ हा प्रश्न घरात, वस्तीत आणि डॉक्टरच्या खोलीत सारख्याच सहजतेने विचारला जातो. स्त्रीच्या या अवयवाला मूल जन्माला घालण्यापलीकडे अर्थच नाही, अशी समजूत त्यामागे आहे. या समजुतीला पाळीच्या विटाळाची जोड मिळाली, की पिशवी काढणे ही सुटका वाटू लागते.

सरकारी आरोग्ययंत्रणेनेही ही समजूत नकळत पोसली. या यंत्रणेच्या लेखी ग्रामीण स्त्री गरोदर माता होती किंवा कुटुंबनियोजनाची लाभार्थी. या दोन अवस्थांच्या बाहेर तिला आजार असू शकतो, याची नोंदच होत नव्हती. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्क्यांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण जेमतेम आठ टक्के होते. हा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर वाखाणला गेला. मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात पांढरे जाण्यावर नीट तपासणी आणि औषध मिळण्याची सोय त्यानंतरही बहुतेक ठिकाणी झाली नाही. मला हे सर्वांत वेदनादायक वाटते, कारण यातील कित्येक तक्रारी गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या होत्या. ती पोकळी खाजगी दवाखान्यांनी भरली. सोनोग्राफी झाली, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले गेले, आणि शस्त्रक्रियेचे पैसे अनेकदा मुकादमाकडून नव्या उचलीच्या रूपात आले. दुखणे संपेल, खाडे थांबतील, कॅन्सरची भीती जाईल, असा तिचा हिशेब होता. तिच्यासमोर जी माहिती होती, ती धरून पाहिले तर तो चुकीचा नव्हता.

पुढे काय होते, हे तिला सहसा सांगितले जात नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती एकाएकी येते. अंगाची आग, झोप उडणे, सांधे धरणे सुरू होते, हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. चाळिशीच्या आतल्या स्त्रीला हे सगळे सोसत मोळी उचलावी लागते, आणि शस्त्रक्रियेचे कर्ज वेगळे.

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातूनही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या तक्रारी आल्या होत्या. त्यांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असे सांगितले. बीडमध्ये त्याआधीच, २०१९ पासून, अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. हंगामापूर्वी आणि हंगामानंतर आरोग्यतपासणी, ऊसतोड महिलांना आरोग्य कार्ड, असे उपायही पुढे आले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले आणि गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये व तेवढेच शासनाने द्यावेत, अशी तरतूद झाली.

यातील परवानगीच्या अटीने दवाखान्याच्या दारात एक अडसर उभा केला आणि तो गरजेचाच होता. पण ज्या करारामुळे स्त्री त्या दारापर्यंत येते, तो करार जागच्या जागी आहे. मजूर मुकादमाचा की कारखान्याचा, हा वाद दशकानुदशके अनिर्णित राहिल्याने बाळंतपणाची पगारी रजा, आजारपणाची भरपाई, कामगार विमा यांपैकी काहीही या स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही. संघटनांच्या संपांनंतर टनामागचा दर वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली. दरवाढीच्या वाटाघाटींत टन, वाहतूक आणि मुकादमाचे कमिशन हे विषय असतात. स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर लिहिणे, पाळीत आणि बाळंतपणात खाडा न धरणे, फडाजवळ पाणी आणि न्हाणीची सोय कारखान्याच्या खर्चाने करणे, या मागण्या स्त्री-संघटना सातत्याने मांडत आल्या आहेत. वाटाघाटीच्या टेबलावर त्यांना अजून जागा मिळालेली नाही.