प्रक्षेप्य गतीची गणिते ऊर्जेच्या वाटेने

फेकल्यानंतर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने चालणाऱ्या वस्तूची गती म्हणजे प्रक्षेप्य गती. तिची वाट अन्वस्त (पॅराबोला) असते, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये मांडले. वेगाचे आडवा आणि उभा असे घटक पाडून समीकरणे मांडणे ही नेहमीची रीत. पण चाल किंवा उंची एवढेच विचारले असेल, तर ऊर्जा अक्षय्यतेचा, म्हणजे एकूण ऊर्जा तेवढीच राहते हा, नियम एका ओळीत उत्तर देतो : अंतिम चालीचा वर्ग = सुरुवातीच्या चालीचा वर्ग − २ × गुरुत्व त्वरण × चढलेली उंची.

१९२६ मध्ये मुंबईत इंग्लंडच्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावांच्या खेळीत ११ षटकार ठोकणारे सी. के. नायडू पुढे इंदूरच्या होळकर संघाचे कर्णधार झाले. तेव्हा उदाहरण षटकाराचेच घेऊ. चेंडू बॅटवरून सेकंदाला ३० मीटर चालीने सुटला आणि बॅटपेक्षा १० मीटर उंच असलेल्या गॅलरीच्या कठड्यावर आदळला. ९०० मधून २ × ९.८ × १० म्हणजे १९६ गेले, उरले ७०४. चाल सेकंदाला २६.५ मीटर. कोन लागलाच नाही. ऊर्जेच्या समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंना असल्याने तेही उडून जाते.

मुले हमखास अडकतात ती शिखरबिंदूपाशी. ‘वर चेंडू थांबतो’ असे धरून गतिज ऊर्जा शून्य लिहितात आणि उंची ४५.९ मीटर काढतात. ती सरळ वर उडालेल्या चेंडूची उंची झाली. ४५ अंशांत मारलेल्या चेंडूचा शिखरावर फक्त उभा घटक शून्य होतो. आडवा, सेकंदाला २१.२ मीटर, तसाच राहतो. म्हणजे निम्मी ऊर्जा अजून गतीतच आहे, आणि उंचीही निम्मीच, सुमारे २३ मीटर. ही एक चूक सुधारली की पद्धत कळली, असे खुशाल समजावे.

ऊर्जा अदिश राशी; तिला ना दिशा कळते, ना वेळ. चेंडू किती सेकंदांनी आणि किती लांब पडेल, हे घटकांनाच विचारावे लागते.

हवा चेंडूची ऊर्जा खाते, त्यामुळे खरा चेंडू २६.५ पेक्षा कमी चालीनेच आदळेल. उलट प्रकार इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात दिसतो. तिथे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तुर्रा आणि कलंगी हे गट एकमेकांवर हिंगोट, म्हणजे बंदुकीची दारू भरलेली पेटती फळे, सोडतात. त्यात माणसे भाजतातही. दारू जळत असेपर्यंत हिंगोटाची ऊर्जा वाढतच असते. म्हणून हातातून सुटतानाची चाल इथे उपयोगाची नाही. हिशेब दारू संपल्या क्षणापासून धरावा लागतो.